कुरोइवांकडे बोलणी खायला

माणसाची समाजातली पत त्याला कोणाची बोलणी खावी लागतात यावरून ठरते. (आई, बायको आणि दाताचा डॉक्टर यांची बोलणी धरत नाहीत, ती सर्वांनाच मिळतात.)

गिन्झाच्या महागड्या पेठेत एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कुरोइवासानांचं सुशीचं दुकान आहे. पाटी नाही. एक लाकडी ओटा, त्याला लागून मोजक्या खुर्च्या, ओट्यापलीकडे सुरी घेऊन स्वतः मालक. मासा उत्तम असतो, पण नुसत्या माशासाठी तिथे कोणी जात नाही. गिऱ्हाईक चुकलं की मालक त्याला असं काही बोलतात, की शेजारच्याचेही कान तापतात. मात्र ही कृपा सर्वांवर होत नाही. ज्याच्यात सुधारणेला वाव दिसतो त्यालाच ते बोलतात. बाकीच्यांशी अत्यंत सौजन्याने वागतात.

आमच्या कंपनीत या गोष्टीला महत्त्व आहे. तिथे बोलणी खाल्लेले बहुतेक लोक वरच्या मजल्यावर बसतात. न खाल्लेले नागोया शाखेत आहेत. (शाखा चांगली आहे. हवा मानवते.) आमचे विभागप्रमुख निशिगाकीसान कित्येक वर्षं तिथे जात होते आणि दर वेळी सौजन्य पदरात घेऊन परतत होते. बढतीची यादी लागायला आठवडा उरला, तेव्हा त्यांनी दुपारच्या जेवणाच्या तीन जागा राखून ठेवल्या. पत्नी चिझुरूसानांना सांगितलं, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे. मला सांगितलं, साक्षीदार म्हणून चल. (साक्षीदाराविना खाल्लेली बोलणी ग्राह्य धरत नाहीत.)

चिझुरूसान ठेवणीतला किमोनो नेसून आल्या होत्या. निशिगाकीसान अत्तरात न्हाऊन आले होते. कच्च्या माशासमोर अत्तर हा गंभीर गुन्हा आहे. मालकांनी नाक किंचित हलवलं आणि खिडकी उघडली.

"आज हवा छान आहे," ते म्हणाले.

मग निशिगाकीसानांनी ट्यूना ठेवलेला भाताचा मुटका सोया सॉसमध्ये इतका बुडवला, की भात सुटून गेला. मालकांनी दुसरा करून दिला. बांगड्याचा मुटका समोर आला, तेव्हा तो तसाच ठेवून ते माझ्याशी टायरच्या भावांवर बोलत बसले. मालक म्हणाले, "आपल्या सोयीने घ्या." शेवटी निशिगाकीसानांनी मेयोनीज मागितलं. ओट्याभोवती कोणी श्वास घेईना. मालकांच्या पत्नी आत गेल्या आणि लाखेच्या नक्षीदार बशीत मेयोनीज घेऊन आल्या.

निशिगाकीसानांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, चाललंय काय तुमचं?" चिझुरूसानांनी विचारलं.

"मला बोलणी खायचीत गं," ते पुटपुटले. "नाहीतर नागोया."

"एवढंच ना?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी काड्या खाली ठेवल्या. "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला बरं काही खायला आणलंत, आणि आल्यापासून मालकाचं तोंड बघत बसलात. हा किमोनो मी काय त्यांच्यासाठी नेसले? माझी आई दवाखान्यात होती तेव्हाही तुमचं हेच. ती तिकडे कण्हतेय आणि तुम्ही डॉक्टरला वाकून नमस्कार घालताय. जो तुम्हाला विचारत नाही त्याच्या मागे धावायचं, आणि जी शेजारी बसलीय तिला टायरचे भाव ऐकवायचे. त्या बांगड्याने काय घोडं मारलंय तुमचं? खा तो आधी. आणि कॉलरवर सॉस सांडलाय, पुसा."

मालकांनी सुरी खाली ठेवली होती. निशिगाकीसानांनी कॉलर पुसली, बांगडा एका घासात खाल्ला आणि बायकोकडे नीट पाहिलं.

"छान दिसतोय," ते म्हणाले. "किमोनो."

"आता दिसला."

मालक ओट्यावर वाकले. "बाईसाहेब, कुठेही अडखळला नाहीत. कुठे शिकलात?"

"घरीच. पुढचं वाढा आता, हातातला भात गार होतोय."

"चुकलो," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संचालक किजिमासानांनी निशिगाकीसानांना बोलावून घेतलं.

"कुरोइवांकडे बोलणी बसली म्हणे. कशावरून?"

"सगळ्यावरूनच."

"सगळ्यावरून?" संचालकांचा चेहरा उतरला. "मला फक्त काड्या धरण्यावरून बसली होती."

मी साक्ष दिली. बोललं कोण, हे कोणी विचारलं नाही. बढती झाली.

हल्ली मालकांच्या आग्रहावरून चिझुरूसान दर गुरुवारी दुपारी ओट्याच्या टोकाला बसतात. मालक मासा कापतात, त्या बोलतात. गुरुवारच्या जागा उन्हाळ्यापर्यंत भरल्या आहेत. घरी मात्र त्या फार गोड झाल्या आहेत. "काल मला म्हणाली, आपण दमला असाल, चहा आणू का?" निशिगाकीसानांनी मला हळूच सांगितलं. "रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही." त्यांनी गुरुवारसाठी नाव नोंदवलं आहे. ओळखीचा काही उपयोग झाला नाही.

असो. आपण वेळ काढून इथवर वाचलंत, फार बरं वाटलं. मध्येच फोन पाहिला असेल, चार ओळी गाळल्या असतील, तरी मुळीच हरकत नाही. आपल्या सोयीने वाचा. आज हवाही छान आहे.