खालचा माणूस

आमच्या शेजारचे सटवाजी काका कॅलेंडर लावायला गुडघ्याएवढ्या स्टुलावर चढले, तरी वरून हाळी द्यायचे, "हाय का?"

गयाकाकू चुलीपासून उठून स्टुलाशी येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "हाय." मगच काकांचा हात खिळ्याला लागायचा. नुसतं आतून ओरडून भागत नसे. तव्यावरची भाकर करपली म्हणून काकू कुरकुरल्या की काका म्हणत, "भाकर दुसरी थापता येती. मला कोण थापणार?"

काकांचा धंदा टॉवरचा. मोबाइलचा नव्हे. लोखंडी चौकटी एकावर एक चढवून, खाली चाकं लावून उभी करतात ती रंगाऱ्यांची परांची, तिला नांदेडात सगळे टॉवरच म्हणतात. मंगल कार्यालयं, देवळं, दर्गे, विहार, सगळ्यांची छतं काकांनी नाकाजवळून बघितली होती. त्यांचं मत एकच, "धर्म कोणताबी असू द्या, कोळिष्टकं सारखीच."

धंद्यामुळं माणसाला खोडी लागतात. काका कशावरही बसण्याआधी ते हलवून बघत. आमच्या घरी वीस वर्षं येतायत, पण खुर्चीवर अजून विश्वास नाही. मुदखेडला एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर गेले आणि नवरा-नवरी बसलेला कोच दोन्ही हातांनी गदागदा हलवला. नवऱ्यानं घाबरून नवरीचा हात धरला. काका म्हणाले, "डावा पाय ढिल्ला हाय," आणि आहेर देऊन उतरले. पंगतीत सगळे त्याच कोचाबद्दल बोलत होते.

टॉवर बांधणं म्हणजे तर सोहळाच. आधी जागा झाडून घ्यायची. मग खालच्या फळीवर पाण्यानं भरलेली परात. पाणी एका बाजूला कललं की काका त्या बाजूच्या चाकाचा स्क्रू फिरवत बसायचे. चारी चाकांना ब्रेक, वर प्रत्येकाला एक लाथ, ब्रेक लागलाय का बघायला. तिरपे पाइप लागल्याशिवाय वरची चौकट नाही, फळ्या आणि कठडा झाल्याशिवाय वर उभं राहणं नाही, आणि चढायचं ते आतल्या शिडीनं. बाहेरून माकडासारखं चढणाऱ्याला काका तिथूनच घरी पाठवत. रंगारी वैतागून म्हणायचे, "काका, लगीन लागून पोरं झाली असती एवढ्यात."

आणि खाली गयाकाकू. पालथ्या बादलीवर बसून त्या टॉवरखालून कुणाला जाऊ द्यायच्या नाहीत. एकदा मंगल कार्यालयात नवरीच्या मामालाच त्यांनी अडवलं. मामा फुगून बसला. थोड्या थोड्या वेळानं वरून "हाय का?" आणि खालून "हाय." दोघांचं दिवसभराचं बोलणं एवढंच. जन्मभर ह्यावर संसार कसा झाला, मला कळत नाही. पण झाला, आणि बरा झाला.

गेल्या वर्षी काकू गेल्या. ताप आला, अंगावर काढला, आणि गेल्याच. तेव्हापासून काकांचा टॉवर आमच्या दोन घरांमधल्या भिंतीला टेकून पडून होता. त्याच्यावर दोडक्याचा वेल चढला, तोही बाहेरून, आणि काका त्याला काही बोलले नाहीत. पुण्याच्या पोराचा फोन यायचा, "बाबा, आता चढणं बास. ते लोखंड भंगारात घाला." शेवटी पोरानंच धाडलेला भंगारवाला येऊन लोखंड बघूनही गेला. काका म्हणाले, "जयंती होऊ दे, मग ने."

जयंतीआधी विहाराचा हॉल रंगवायचा होता. छत उंच. सचिव भगवानराव काकांकडं आले. काकांनी मान हलवली.

"खाली माणूस न्हाई."

"अहो काका, सगळी कॉलनी खालीच हाय की!"

"कॉलनी न्हाई लागत. माणूस लागतो."

मग भगवानरावांनी माणसं आणून दाखवली. मुलगी बघायला यावं तशी माणसं काकांच्या अंगणात येऊन बसली. एकाच्या हातातला मोबाइल सुटेना. दुसरा टॉवर कसा बांधावा हे काकांनाच सांगायला लागला. तिसरा चांगला होता, पण गुटख्याची पुडी सोडायला सारखा बाहेर जायचा. काकांनी सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि भिंतीवरून माझ्याकडं बघितलं.

मी बसस्टँडवर कंट्रोलर होतो. देगलूरची गाडी कुठल्या फलाटावर लागली हे माईकवर सांगण्यात माझी नोकरी सरली.

"तुमी चालता," काका म्हणाले. "तुमाला बोलायची सवय हाय, अन् कुणी ऐकून राहिलं का न्हाई ह्याची फिकीर न्हाई. शिवाय तुमाला दुसरं काम न्हाई."

आतून आमच्या हिनं लगेच सांगितलं, "हाव, अजिबात न्हाई."

असा मी पालथ्या बादलीवर बसलो. काकांनी आधी दोडक्याचा वेल हळूच सोडवून सुतळीवर चढवला, मग लोखंड उचललं. विहारात परात भरली, लाथा घातल्या, टॉवर उभा राहू लागला. वरून पहिली हाळी आली, "हाय का?"

"आहे!" मी स्टँडवरच्या आवाजात म्हणालो. हॉल घुमला.

काका कठड्यावरून वाकले. "आहे न्हाई. हाय म्हणा."

"हाय."

काम पुढं सरकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रंगारी रहीमभाई वर ब्रश मारत होते. एक कोपरा झाला होता आणि टॉवर पुढं सरकवायचा होता. भगवानरावांना घाई. त्यांनी आपल्या हातानं एक ब्रेक सोडला आणि म्हणाले, "वरच राहू द्या त्यांना. हातभर तर सरकवायचाय."

असं सगळेच करतात. मीही बघितलंय. पण सटवाजी काका सरळ चाकापुढं आडवे झाले. पांढऱ्या सदऱ्यासकट, फरशीवर.

"ढकला," म्हणाले. "आधी माझ्यावरून ढकला."

वरून रहीमभाई ओरडले, "अरे सेक्रेटरी साब, मैं ऊपर हूँ, मेरे कू भी तो पूछो!"

रहीमभाई उतरले. रंगाचा डबा उतरला. मग काका उठले, सदरा झटकला आणि रिकामा टॉवर हळूहळू पुढं ढकलला. पुन्हा ब्रेक, पुन्हा लाथा, पुन्हा परात. भगवानराव बाहेर जाऊन उभे राहिले ते चहाच्या वेळेलाच आत आले.

रंग झाला. आता खोलायचा. मला वाटलं, सुटलो. पण काका खोलताना जास्त कडक. "बांधताना माणूस भेतो. खोलताना त्याला घरी जायची घाई ऱ्हाती." वरून सुरुवात, एक एक नग दोरीला बांधून खाली, फेकायचं काहीही नाही. मी दोरी सोडवून पाइप भिंतीशी लावत होतो. हाळी येत होती, मी "हाय" म्हणत होतो. आता तर सवयच झाली होती.

टॉवर निम्मा उतरला होता. वरून आवाज आला, आधीच्यापेक्षा हळू.

"हाय का गं? पाणी तरी पिलीस का सकाळपासून?"

रहीमभाईंचा ब्रश धुणारा हात थांबला. काका वर पाठमोरे उभे होते, हातात पाइप तसाच. मी दोरी खाली ठेवून टॉवरशी जाऊन उभा राहिलो.

"हाय," मी म्हणालो. "पिलं पाणी."

काकांनी पाइप दोरीला बांधला आणि खाली सोडला. मग काम संपेपर्यंत त्यांनी हाळी दिली नाही. सामान घरी आणून रचलं, वेलापासून जरा लांब, आणि माझ्याकडं न बघता आत गेले. मला वाटलं, लाजले. तासाभरानं भिंतीपलीकडं फोनवर पोराशी बोलणं ऐकू आलं, "त्या भंगारवाल्याला येऊ नको म्हण. मिळालाय माणूस."

दिवेलागणीला आम्ही दोघं नवरा-बायको आमच्या अंगणात बसलो होतो. पलीकडून आवाज आला.

"हाय का?"

हा माणूस एकटाच कशावर चढला? चप्पल न घालता भिंतीशी गेलो, टाचा उंच करून बघितलं.

काका जमिनीवर मांडी घालून बसले होते. चढण्यासारखं जवळपास काहीही नव्हतं. पुढं ताट होतं. ताटात भाकर आणि दोडक्याची भाजी, आणि हात ताटाबाहेर, गुडघ्यावर.

"हाय," मी म्हणालो.

काकांनी भाकर मोडली.