समुद्र दुसऱ्या टप्प्यात

ज्या जिल्ह्यात समुद्र नसतो, त्या जिल्ह्यात समुद्रातल्या मासेमारीला सर्वाधिक वाव असतो, कारण तिथे ती अजून कोणी केलेलीच नसते. विचार इतका साधा आहे, की तो सुचायला बोंडअळीची दोन वर्षं जावी लागली याचंच नवल वाटतं.

यवतमाळ जिल्ह्यात गुलाबी अळीने कापूस खाल्ला, अळीने सोडलेला पडलेल्या बाजारभावाने खाल्ला, आणि मग कापूसवाल्यांसाठी पूरक व्यवसायांची एक योजना तयार झाली. शेळ्या झाल्या, कोंबड्या झाल्या, मधमाश्या झाल्या. योजना जाडजूड दिसावी म्हणून कोणीतरी किनारपट्टीसाठी छापलेली एक पुस्तिका तिला टाचून दिली. ‘किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यातील मासेमारी : मऊ प्लॅस्टिकच्या आमिषाची योग्य निवड’. (पुस्तिका उत्तम होती. लिहिणाऱ्याने समुद्र पाहिला असावा, असं जागोजागी जाणवतं.)

नेर तालुक्यातल्या धोंडखेडच्या इंदूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष. गटातल्या साऱ्या बाया कापूस वेचणाऱ्या, आणि बोंडातच अळी बसलेली, त्यामुळे वेचणीला कोणी बोलवेना. अशा वेळी ग्रामपंचायतीने गावतलाव गटाच्या हवाली केला होता. अट एकच होती, की या पावसाळ्यात त्यात मासे सोडायचे. नाही सोडले तर तलाव नेरच्या ठेकेदाराकडे जाणार. तेव्हापासून इंदूबाईंच्या डोक्यात कतला आणि रोहू पोहत होते. पोरींच्या ताटात, बाजारात, पुढच्या उन्हाळ्यात, सगळीकडे त्यांना मासेच दिसत.

त्या पूरक व्यवसाय कक्षात गेल्या. तिथल्या गावंडे साहेबांनी सांगितलं, की मत्स्यबीज आहे, अगदी फुकट आहे, मात्र त्यासोबत आमिष-निवडीचं प्रशिक्षण घ्यावं लागेल आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागेल.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. धोंडखेडात कोणाला वाटलं नाही. इथे युरियाची गोणी मागितली, की कृषी केंद्रवाला तिच्यासोबत टॉनिकची बाटली देतो. बाटली नको असेल तर युरियाही नाही. या पद्धतीला लिंकिंग म्हणतात. आपल्याला कशाकशाची गरज आहे हे शेतकऱ्याला एरवी कधीच कळलं नसतं, ते या पद्धतीमुळे कळतं.

“कायचं टरेनिंग हाये ते?” शेजारच्या रुक्माबाईंनी विचारलं.

“युरियासंगची बाटली समज,” इंदूबाई म्हणाल्या. “घ्याची न् कोपऱ्यात ठेवाची.”

प्रशिक्षण समाजमंदिरात झालं. गावंडे साहेबांनी समुद्र एकदा पाहिला होता, धावत्या बसमधून (डाव्या बाजूला). पण शिकवण्याची त्यांना मनापासून हौस होती. मऊ प्लॅस्टिकच्या आमिषाला वास नसतो, चव नसते, पोट भरण्याचा गुणही नसतो. ते फक्त हलतं, आणि हलतं म्हणून मासा त्याला जिवंत समजतो, हे त्यांनी फार सुरेख समजावलं. नितळ पाण्याला फिका हिरवा रंग, गढूळ पाण्याला भडक गुलाबी. पाण्याला ओढ जास्त असेल तर आमिषाच्या डोक्याला शिसं जड. पाणी संथ असेल तर वल्ह्यासारखी शेपटी. बायांनी हे सगळं ओव्यांच्या चालीवर पाठ केलं.

“सायेब, पन समुद्र कुठी हाये?” इंदूबाईंनी विचारलं.

“समुद्र दुसऱ्या टप्प्यात आहे,” साहेब म्हणाले. “पहिल्या टप्प्यात आमिष.”

बायांना ते पटलं. गावात विजेचे खांबही आधी आले होते आणि तारा पुष्कळ नंतर.

मग नमुने वाटले. रुक्माबाईंच्या हातावर बोटाएवढं, मऊ, वळवळणारं, गुलाबी काहीतरी पडलं. त्यांची अर्धी हयात पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, गेलेली. त्यांनी ते चिमटीत धरलं, जमिनीवर टाकलं आणि टाचेखाली रगडलं. मरेना, तेव्हा त्या बाहेरून दगड घेऊन आल्या.

“हे फवाऱ्यानं मरनार नाही, सायेब,” त्या म्हणाल्या. “हिले ठेचाच लागते.”

साहेबांनी रागावायला हवं होतं, पण ते अनुभवी होते. अहवालात त्यांनी लिहिलं, की आमिष इतकं हुबेहूब आहे, की पहिल्याच दिवशी त्याला शंभर टक्के प्रतिसाद मिळाला. (संपूर्ण प्रतिसाद रुक्माबाईंचा होता.)

परीक्षा भादव्यात आली. सकाळीच मत्स्यबीज आणणाऱ्या फुलचंदचा टेम्पो तलावाच्या पाळीवर येऊन थांबला. आत हवा भरलेल्या पॉलिथिनच्या पिशव्या होत्या आणि पिशव्यांत बोटाच्या पेराएवढे मासे. इंदूबाईंनी एका पिशवीला गाल लावून पाहिला. आत खरंच सळसळत होतं. त्यांना एकदम हसू आलं.

“बाई, हवा दुपारपावतर टिकते,” फुलचंद म्हणाला. “मंग काही खरं नाही.”

गावंडे साहेबांसोबत एक तज्ज्ञही आले होते. ते किनाऱ्याकडचे होते, म्हणजे त्यांची तिथून इथे बदली झाली होती. प्रश्न एकच होता. समोरचं पाणी पाहून योग्य आमिष निवडा, उत्तर बरोबर आलं की मत्स्यबीज गटाच्या ताब्यात.

अडचण अशी झाली, की समोरच्या पाण्यात गावातल्या उत्तमसिंगच्या म्हशी बसल्या होत्या. तज्ज्ञ म्हणाले, पाणी उघड उघड गढूळ आहे, गुलाबी. गावंडे साहेब म्हणाले, हा तलाव कागदोपत्री किनारा धरलेला आहे, किनारा नितळ मानण्याची पद्धत आहे, हिरवं. तज्ज्ञांनी विचारलं, मानायचं की पाहायचं? साहेबांनी विचारलं, म्हशी किनाऱ्याचा भाग धरायच्या की तात्पुरतं अतिक्रमण? (तलावात अजून एकही मासा नव्हता, त्यामुळे निवडीला माशांकडून हरकत येण्याचा संभव नव्हता.) वाद फार अभ्यासपूर्ण झाला. शेवटी ठरलं, की म्हशी बाहेर काढाव्यात, पाणी बसू द्यावं आणि निवळल्यावर रंग ठरवावा. तोवर परीक्षा तहकूब.

लिंबाखाली खुर्च्या मांडल्या गेल्या. चहा आला. पाणी निवळू लागलं, पण सावकाश. पाण्याला घाई नसते.

ऊन मात्र चढत होतं. इंदूबाई चारदा टेम्पोपाशी जाऊन आल्या. पाचव्यांदा पिशवीला हात लावला तर ती पोळली, आणि आत काही मासे आडवे तरंगताना दिसले. त्यांनी तिथूनच हाक मारली.

“सायेब, मासे मरून राह्यले.”

“थोडं थांबा बाई. आता निवळतच आलंय. घाई केली की निवड चुकते.”

इंदूबाई लिंबाखाली येऊन उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींतलं आधी काय करावं ते कळत नव्हतं. युरियासंगची बाटली कोपऱ्यात ठेवता येते. ही बाटली आधी संपवा, मग युरिया, असं आजवर कुठल्या कृषी केंद्रवाल्यानेही म्हटलं नव्हतं.

“रुक्माबाई, ऊठ,” त्या म्हणाल्या. “घे पिशव्या.”

सगळ्या बाया उठल्या. लुगडी खोचून, डोक्यावर पिशव्या घेऊन त्या तलावात शिरल्या, गुडघाभर, मग कमरेइतक्या पाण्यात. पिशव्या फुटल्या, मासे सुटले. तळाचा गाळ उसळला आणि इतक्या वेळाने निवळलेलं पाणी पाहता पाहता चहाच्या रंगाचं झालं. तज्ज्ञ ओरडले, साहेब ओरडले. माणसं पाण्यात उतरलेली पाहून उत्तमसिंगच्या म्हशीही परत येऊन बसल्या.

परीक्षेच्या पाण्यात पाय घातल्याबद्दल गट नापास झाला. मासे परत मागता येईनात, म्हणून ते ‘वाहतुकीत सांडले’ असं दाखवण्यात आलं. ग्रामपंचायतीची अट मात्र पुरी झाली होती, त्यामुळे तलाव गटाकडेच राहिला. समुद्राच्या दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे. आणि रंगाचा वाद तेवढ्यात, दोन्ही अधिकाऱ्यांच्या संमतीने, कायमचा मिटला.

ही हकिकत नेरात आणि यवतमाळात पुष्कळ शिकल्यासवरल्या लोकांना सांगून झाली आहे. समुद्राच्या जागी सगळे हसतात. म्हशींच्या जागी काहीजण डोळे पुसतात. आणि हसणं ओसरलं की प्रत्येकजण न चुकता विचारतो, की मग शेवटी ठरलं काय, गुलाबी की हिरवं?

तुमच्याही ओठांवर तेच आहे, म्हणून सांगून टाकतो. गुलाबी.

मासे किती जगले, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. इंदूबाई रोज संध्याकाळी तलावावर जातात. त्यांना ठाऊक आहे. कोणी विचारलं तर सांगतीलही.