विसर्ग आणि उघडा कंस

"दुरुस्तीवाला कशाला? मी बघतो की," असं वेलांटीराव लेकीला म्हणून बसले आणि तिथेच सगळं बिनसलं.

वेलांटीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासताना त्यांनी इतक्या लोकांच्या वेलांट्या सुधारल्या, की ते नाव चिकटलं ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात दोन खोल्या, दोन खुर्च्या आणि एक कॉम्प्युटर. लेक दोन विमानं बदलून गाठावी लागे इतकी लांब. दर रविवारी सकाळी दहाला ती कॉम्प्युटरवर दिसायची. उरलेले सहा दिवस वेलांटीराव रविवारची वाट बघण्यात घालवत.

गेले तीन रविवार मात्र एकच तऱ्हा. इकडचं तिकडचं बोलून झालं की लेक जरा पुढे सरकून म्हणायची, "बाबा, आता तुम्ही तिथे एकटे..." आणि लेक गायब! पडदा निळाभोर. त्यावर दोन टिंबं, एक कंस आणि खाली इंग्रजीत बारीक मजकूर. मग यंत्र आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू.

(दुसऱ्या कुणाला त्यात रडका चेहरा दिसला असता. वेलांटीरावांना आधी विसर्ग दिसला आणि मग उघडून बंद न केलेला कंस. एवढं महागाचं यंत्र, आणि मुद्रितं कुणी तपासली नाहीत, म्हणून ते हळहळले.)

तिसऱ्या वेळी लेकीचा फोन आला.

"बाबा, खरं सांगा. तुम्ही बटण दाबता ना?"

"मी? कसलं बटण?"

"मग मी महत्त्वाचं बोलायला लागले की बरोबर कसा बंद पडतो?"

"बोल की आता फोनवर."

"नाही. तुमचं तोंड बघून बोलायचंय मला. दुरुस्तीवाला बोलवा आणि दुरुस्त झाला की कळवा."

महत्त्वाचं काय, ते वेलांटीरावांना ठाऊक होतं. आमच्याकडे राहायला या, हेच. त्या विषयाची त्यांना धास्ती होती हे खरं, पण बटण त्यांनी दाबलं नव्हतं. पुढच्या रविवारी कुणीच दिसलं नाही. (दाढी मात्र त्यांनी केली होती.)

सोमवारी त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना फोन लावला.

"काका, निळ्या पडद्यावर काय लिहिलेलं असतं?"

"विसर्ग."

"काय?"

"आणि कंस. बंद केलेला नाही."

"काका, त्याच्या खाली एक कोड असतो. तो उतरवून घ्या आणि मला सांगा."

वेलांटीराव पेन्सिलीला टोक करून पडद्यासमोर बसले, आणि यंत्र शहाण्यासारखं चालायला लागलं! मंगळवार गेला. बुधवारी त्यांनी कॅमेरा सुरू केला, तर समोर स्वतःच दिसले. तरी काही होईना, तेव्हा नाइलाजाने लेकीचं वाक्य त्यांनीच म्हणून पाहिलं, "बाबा, आता तुम्ही तिथे एकटे कशाला राहता?"

पडद्यावरचा म्हातारा उत्तराची वाट बघत होता.

"तुमच्याकडे सगळे सकाळीच कामाला जाणार," वेलांटीराव त्याला म्हणाले. "मग मी दिवसभर दुसऱ्याच्या घरात एकट्याने बसायचं. त्यापेक्षा आपल्या घरात बरं. तुझी आई त्या खुर्चीत बसून माझ्या चुका काढायची. तीन वर्षं झाली, माझी एकही चूक कुणी काढलेली नाही गं..."

निळा पडदा!

पेन्सिल कुठाय? पेन्सिल कानावर. आधी डोळे पुसावेत की कोड उतरवावा, या गडबडीत कोड अर्धाच उतरला. पण तेवढा पुरला.

"मेमरीत बिघाड दिसतोय," बाई म्हणाल्या.

"तो वयाने होतोच."

"तुमच्या नाही हो, कॉम्प्युटरच्या! प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा. आत एक पट्टी असेल, ती उपसा. तिच्या सोनेरी कडेवर हलकेच खोडरबर फिरवा आणि पट्टी परत घट्ट बसवा."

खोडाखोडीचं काम म्हटल्यावर वेलांटीरावांना हुरूप आला. पट्टी चकाचक झाली. परत बसवल्यावर मात्र यंत्र सुरू न होता नुसतंच कोकलायला लागलं. "अजून दाबा," बाई फोनवरून म्हणाल्या. त्यांनी अजून दाबलं. खट्ट आवाज झाला आणि पडदा उजळला.

रविवारी पाऊण तास झाला तरी लेक हलली नाही, डुलली नाही, निळी झाली नाही. वेलांटीराव खूश. मग ती पुढे सरकली. वेलांटीरावांनी आशेने पडद्याकडे पाहिलं. पडदा ठणठणीत!

"बाबा, आता तुम्ही तिथे एकटे..."

पडद्यावरचं चित्र अडकल्यासारखं वेलांटीरावांनी तोंड अर्धं उघडं ठेवलं, हात होता तसाच हवेत धरला आणि श्वास रोखला.

"...असता, आणि मला महिनाभर सुट्टी मिळतेय. मी येऊ का तुमच्याकडे राहायला? कधीचं विचारायचं होतं. बाबा? ऐकू येतंय का?"

'ये गं, आजच ये' असं ओरडावंसं वाटत होतं. पण आता हललं तर आधीचे तिन्ही रविवारही सोंगच होतं असं ठरलं असतं. हात भरून आला. डोळे भरून आले. वेलांटीराव पुतळ्यासारखे बसून राहिले.

लेकीने मान वाकडी करून नीट निरखून पाहिलं.

"बाबा, तुमच्या मागे पंखा फिरतोय."

ओठ न हलवता वेलांटीराव म्हणाले, "पंख्याचं कनेक्शन वेगळं आहे."