कोंडफणसच्या सामाईक दुकानाची पहिली भवानी

॥ श्री ॥ मौजे कोंडफणस, तालुके लांजे, येथील रयतेने आपल्या मालकीचे किराणा दुकान कैसे उभारिले, आणि ऐन उद्घाटनी ते कैसे बुडता बुडता वाचले, याचे वर्तमान पुढील पिढ्यांस कळावे म्हणोन पदरचे मीठमसाला न घालता लिहिले आहे. मीठमसाला दुकानात मिळेल.

शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मासी गावचे एकमेव वाणी दुकान गुंडाळून लेकीकडे चिपळुणास कायम मुक्कामास गेले, आणि अवघा मुलूख मिठाला महाग जाहला. तेव्हा राजश्री हरिश्चंद्रराव मांडवकर, मुंबईच्या गोदीत तीस साल हेडक्लार्की करोन परतलेले, खासा लांज्याच्या बाजारावर चालून गेले, आणि दोन किलो साखर पाडाव करोन माघारी फिरले, तो एस.टी. चुकली. मग पायीच कूच केले, आणि वाटेत पिशवीस भोक पडले, आणि घर गाठले तेव्हा पिशवीत मूठभर साखर उरली आणि मागे मुंग्यांचे अगणित पायदळ. रावांस बहुत विषाद वाटला. मग भर ग्रामसभेत शपथ वाहिली की गावच्या दुकानाची साखर पडेल तोच चहा पिऊ, तोवर चहा आम्हांस वर्ज्य. टाळ्या बहुत जाहल्या. घरी कुटुंब यमुनाबाईसाहेब यांनी इतकेच विचारिले, "शपथ घेतलीत तवा मना इचारलात काय?"

मग मोहीम मांडिली. अंगणवाडीच्या बाई दर्शना मोहिते यांस चिटणिशी दिली, आणि दोघांनी कुणबीवाडी घेतली, मग बौद्धवाडी घेतली, मग मोहल्ला घेतला, आणि घरटी नव्हे तर माणशी सभासद केला, आणि पाळण्यातली पोरेही वारस म्हणोन फॉर्मात चढविली. जोर इतका की एस.टी.चे कंडक्टर काशीराम गाडी वळविण्यास शिटी देत असता तेही सभासद जाहले. नियमावली रावांनी दस्तुरखुद्द लिहिली. त्यात कलम चौदावे ऐसे की, दिवसाची पहिली विक्री, जीस भवानी म्हणतात, ती मालकाच्या वा त्याच्या वारसाच्या हातची नसावी, आपल्याच खिशातले आपल्याच गल्ल्यात टाकण्यास बरकत नाही. गोदीतल्या साहेबानेही मान डोलावली असती ऐसे कलम.

अवघ्या गावात एक यमुनाबाईसाहेब तेवढ्या वश न जाहल्या. रावांनी वारस म्हणोन त्यांचे नाव घातले तेही त्यांनी खोडिले. "दुकान तुमचा, शपथ तुमची. माझा नाव कशाला?" आणि रोज तिसऱ्या प्रहरी त्या चाळीस सालांच्या सवयीने दोन कप चहा करीत, एक पडवीत रावांपुढे ठेवीत, तो निवेपर्यंत वाट पाहात, आणि मग तोही आपणच पिऊन टाकीत. राव तोंड फिरवोन काजूच्या झाडाकडे पाहात. नाक मात्र फितूर होते. ऐसे सहा महिने गेले, आणि रावांची कळा पाहवेना.

मग शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सर, अक्षय्य तृतीयेस दुकान उघडिले. नारळ फुटला, आणि अवघा गाव तागडीच्या मागे मालक म्हणोन उभा राहिला, आणि तागडीच्या पुढे कोणीच नाही. गिऱ्हाईक व्हावयास एक माणूस शिल्लक ठेविला नव्हता. दर्शनाबाईंनी कलम चौदावे मोठ्याने वाचिले, आणि सारे कलमकर्त्याकडे पाहू लागले. इतक्यात एस.टी. आली, आशा उपजली, तो उतरले एकटे काशीराम. तेही मुकाट तागडीमागे जाऊन उभे राहिले. बारास मुहूर्त सरणार, आणि पहिलाच दिवस भवानीविना गेला तर त्या दुकानाचे काही खरे नाही, हे कोकणात शेंबड्या पोरास ठावे. रावांस चहाची वाट बंद जाहलेली दिसो लागली.

मग दर्शनाबाईंस वकिलीवर मांडवकरांच्या घरी रवाना केले. त्या जबाब घेऊन आल्या, "यमुनाकाकी म्हणतात, ज्याला गरज त्याने येऊन विचारावा."

मग राव स्वतः गेले. चौकटीत उभे राहिले, घसा खाकरला, आणि सहा महिन्यांत जे न केले ते केले. "यमुने, दुकानात येतेस काय गो?"

बाईसाहेबांनी पिशवी घेतली, आणि स्वारी निघाली. तूरडाळ चिमटीत धरोन नापसंत केली, दोन नारळ कानाशी हलवोन परत ठेविले, आणि अखेर एक किलो साखर मागितली. रावांनी जातीने तोलिली. "काटा बघा," म्हणाल्या, आणि रावांनी आणखी चिमूट घातली. बारास चार मिनिटे कमी असता पावती क्रमांक एक फाटली, आणि एकच जल्लोष जाहला. दर्शनाबाईंनी तिथेच सभासदत्वाचा फॉर्म पुढे केला.

"मी मालकीण झाली तर उद्या भवानी कोन करील?" बाईसाहेबांनी विचारिले, आणि फॉर्म घडी घालोन साखरेबरोबर पिशवीत टाकिला.

येणेप्रमाणे कोंडफणसची मोहीम फत्ते जाहली. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी बाईसाहेबांच्या वाट्यास एकच कप आला. आणि तेव्हापासून राव नित्य सकाळी, दुकानाची कुलपे काढण्याआधी, घरच्या चौकटीत उभे राहोन आधी विचारतात.