केवळरामने तोंड मिटलं

जून महिन्यातल्या एका सकाळी केवळरामने चहा पिऊन कप खाली ठेवला आणि एकही वाक्य न बोलता तो कामाला निघून गेला. अन्नपूर्णाने आधी कप पाहिला, मग नवऱ्याची पाठ पाहिली, आणि चहात काही पडलं होतं का ते बघायला गाळणी उचलली. बावीस वर्षांच्या संसारात असं कधी घडलं नव्हतं.

केवळराम बोलायला लागला की बिरसीच्या धावपट्टीवरची शिकाऊ विमानं जरा उंचावरून जात, असं गावात म्हणत. त्याच्या बोलण्याचा विषय एकच: उद्या मी काय करणार. कोंबड्या पाळणार हे त्याने इतक्या जणांना सांगितलं की लोक अंडी मागायला दारात आले. कोंबडी एकही नव्हती. पोह्याची गिरणी टाकतो म्हणाला, तेव्हा दोन बायकांनी आदल्या रात्री धान भिजत घातलं. ते कोंब फुटून बाहेर आलं, पण गिरणी आली नाही. एकदा सगळ्यांना सांगून झालं की केवळरामला काम झाल्यासारखंच वाटे आणि तो समाधानाने झोपी जाई.

मग आली मार्चमधली दहावीची परीक्षा. केवळराम धावपट्टीकडेचं गवत कापायच्या कामावर होता. ठेकेदाराने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "केवळराम, दसवी पास का कागज ला, तुझे मुकादम बना देता हूँ. अगस्त तक रुकूँगा, फिर दूसरा देखूँगा."

केवळरामने बाहेरून बसायचा फॉर्म भरला, पण त्याआधी गाव गोळा केलं. चौकात त्याच्या फोटोचा फलक लागला. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी ढोल लावून मिरवणूक निघाली. बाकीचे विषय कसेबसे निघाले, गणितात मात्र अकरा गुण पडले. तो फलक शेजारच्या भोजराजने गोठ्यावर अंथरला. एक मात्र खरं, तिथून पाणी गळायचं थांबलं.

या दुःखात केवळराम केस कापायला बसला असताना त्याला जुन्या पेपरात एक लेख दिसला, 'यशाच्या आड येणाऱ्या सात सवयी'. त्याने तो फार आवडीने वाचला. उशिरा उठणं त्याने भोजराजला दिलं, दुसऱ्यावर खापर फोडणं गाडीवाल्या सुकरामला, आजचं उद्यावर ढकलणं सासरच्या सगळ्यांना मिळून. अशा सहा सवयी गावात वाटून झाल्या. सातवी होती, काम करण्याआधी सांगत सुटणं. ती घ्यायला कोणी सापडेना. समोर आरसा होता.

केवळरामने तिथेच, गळ्याभोवती फडकं असतानाच ठरवलं. जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसायचं आणि कोणालाही सांगायचं नाही. बायकोलाही नाही. पण मनातली एवढी मोठी गोष्ट लपवायची तर तोंड थोडंसं उघडून चालत नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. 'पाणी दे' म्हणायला गेला तरी जिभेवर गणित यायचं. म्हणून त्याने तोंड मिटलंच; अगदीच अडलं तर दोन-तीन शब्द, तेही दात आवळून.

गाव घाबरलं. कोणी म्हणालं दात दुखतो, कोणी म्हणालं जमीन विकली. भात रोवणाऱ्या बायांची म्होरकी प्रेमिला एका दुपारी धावत अन्नपूर्णाकडे आली.

"बाई, मी आपल्या डोळ्यानं पाहून आलो. भाऊजी वावरात, धानाच्या बांधीत बसून हायेत. काडीनं चिखलात गोल काढते, त्याच्याकडे पाहून पुटपुटते, अन् मंग पुसून टाकते!"

"किती गोल?"

"सात तं मी मोजले."

अन्नपूर्णाने कपाळाला हात लावला. त्या रात्री तिने नवऱ्याला विचारलं, "डोस्कं दुखते का जी?" केवळरामने मानेनेच नाही म्हटलं. मुलाचं, संघदीपचं, जुनं गणिताचं पुस्तक तेव्हा त्याच्या बनियनच्या आत होतं, त्यामुळे त्याला वाकताही येत नव्हतं. ती ताठ मान पाहून अन्नपूर्णाला आणखीच धसका बसला.

सोमवारी जेवताना ती म्हणाली, "बुधवारी रोवणी धरली. प्रेमिलाच्या अठरा बाया येऊन राहिल्या."

केवळरामचा घास हातातच राहिला. बुधवारी गोंदियात गणिताचा पेपर होता.

"गुरुवारी नाही जमत?"

"काऊन? बुधवारी काय हाय?"

"काही नाही."

"मंग? एक पाळी हुकली का पंधरा दिवस बाया भेटत नाही. परे पिवळे पडन. अन् तुमी घामेजून कायले राहिले?"

"गरमी होते."

"बाहेर पाऊस पडून राहिला न जी!"

केवळरामने बेत आखला. बुधवारी उजाडायच्या आधीच तो शेतात गेला. भाताची कोवळी रोपं, म्हणजे परे, उपटून त्याने पेंढ्या बांधल्या आणि बांधीभर फेकून ठेवल्या. सव्वानऊला सुकरामचा छोटा हत्ती, म्हणजे त्याची लहानशी मालगाडी, अठरा बाया आणि अन्नपूर्णाला घेऊन बांधापाशी आली, तेव्हा सगळी तयारी झाली होती. आता सायकल काढायची आणि सटकायचं.

पण रोवणीची रीत त्याच्या लक्षात राहिली नाही. बाया बांधीत उतरल्या की मालकाला असं जाता येत नाही. त्या त्याला अडवतात, चिखल लावतात, आणि नाश्ता काय देणार ते तोंडाने कबूल करवून घेतात. प्रेमिलाने ओंजळभर चिखल त्याच्या गालांना लावला.

"बोला भाऊजी, पोहे का आलूभात?"

केवळराम गप्प. 'पोहे' म्हणायला त्याने तोंड उघडलं असतं, तर मागोमाग पायथागोरस बाहेर पडला असता.

"भाऊजी, नाव तं घ्या कशाचं!"

केवळरामने सायकलकडे उडी घेतली. तो घसरला आणि चिखलात आडवा झाला. सदऱ्याआडून एक लाकडी पट्टी आणि एक टोकदार कंपास बाहेर पडला.

"अवं माय!" प्रेमिला ओरडली. "हत्यार हाय याच्यापाशी! सुकराम, गाडी लाव! गोंदियाच्या दवाखान्यात नेऊ!"

आठ बायांनी त्याला उचललं. केवळरामने हातपाय झाडले, एकीचा पदर फाडला, गाडीच्या फाळक्याला घट्ट धरलं. एवढ्यात त्याच्या ध्यानात आलं की दवाखाना गोंदियात आहे. पेपरही गोंदियातच आहे. त्याने फाळका सोडला, गाडीत नीट पडला आणि हात छातीवर घेतले.

"थंडे पडले!" अन्नपूर्णाने हंबरडा फोडला. "सुकरामभाऊ, पळव गा!"

सुकरामने गाडी अशी पळवली की रस्त्यावरच्या म्हशी विमान उतरलं समजून धानात शिरल्या. मागे आठही बाया केवळरामचे तळवे चोळत होत्या आणि तो पापण्यांच्या फटीतून अन्नपूर्णाच्या मनगटावरचं घड्याळ पाहत होता. दहा वाजून दहा. दहा वाजून वीस. साडेदहाला परीक्षेचं फाटक बंद होणार होतं. जिथे पेपर होता त्या शाळेच्या कोपऱ्यावर ट्रकमुळे गाडी अडली, तसा मेलेला माणूस उठला, फाळक्यावरून उडी मारून फाटकाकडे पळाला.

मागून बाया. सगळ्यांत पुढे अन्नपूर्णा. तिने फाटकातच त्याची कॉलर धरली.

"कुठं जाऊन राहिले?"

केवळरामने आत पाहिलं. घंटेपाशी शिपाई उभा होता. दीड महिना धरून ठेवलेलं तोंड केवळरामने उघडलं.

"अन्नपूर्णा, आज माझा गणिताचा पेपर हाय."

"बोलले!" प्रेमिलाने टाळी वाजवली. "बरे झाले वं!"

"बरे कायचे?" अन्नपूर्णाचे डोळे भरले. "मार्चमध्येच गणितानं खाल्लं यायले. तेच डोस्क्यात बसलं."

केवळरामने कमरेची प्लास्टिकची पिशवी फाडली. प्रवेशपत्र कोरडं होतं. फाटकावरच्या रखवालदाराने ते उलटसुलट केलं. "कागज तो सही है बाई. पर ये आदमी है कि खेत? इतना कीचड़ लेके अंदर नहीं जाने का."

अन्नपूर्णाने प्रवेशपत्र हातात घेतलं. फोटो पाहिला, तारीख पाहिली, विषय पाहिला. ती काही बोलली नाही, आणि नवऱ्याला पहिल्यांदाच कळलं की घरात कोणी गप्प असलं की कसं वाटतं.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं का मंग माझ्याच्यानं होत नाही."

हे तिला बावीस वर्षांपासून ठाऊक होतं. तिने पदर खोचला. "प्रेमिला, नळ सोड!"

आठ बायांनी मिळून त्याला शाळेच्या नळाखाली म्हशीसारखं घासलं. कोणी कान धुतले, कोणी पाठ. एकीने स्वतःच्या पदराने कंपास पुसला. सुकरामने आपला शर्ट काढून दिला आणि स्वतः बनियनवर गाडीत जाऊन बसला. दहा एकोणतीसला केवळराम ठिबकत आत गेला.

"आता?" प्रेमिलाने विचारलं.

"आता काय, दहा बाया तिकडे बांधीत उभ्या हायेत. रोवणी पडली अर्धी. चला!" अन्नपूर्णा गाडीत चढली. "अन् पोहे. त्यायच्या तर्फे मी सांगतो."

संध्याकाळी दिवेलागणीला केवळराम परतला, तेव्हा शेवटची बांधी हिरवी होत आली होती. आठ बायांना ठाऊक असलेली गोष्ट अर्थातच गावभर झाली होती. बांधावर भोजराज वाट पाहत उभा.

"कसा गेला गा पेपर? किती पडतीन?"

केवळरामच्या जिभेवर शहाण्णव आले. मिरवणूक आली, फलक आला. त्याने ते सगळं गिळलं.

"निकाल लागू दे," तो म्हणाला आणि पेंढीतले उरलेले परे घेऊन खाली वाकला.

निकाल लागला. गणितात सदतीस. ऑगस्ट संपायच्या आत ठेकेदाराने त्याच्या हातात शिट्टी आणि हजेरीची वही दिली. त्या दिवशी केवळराम नव्या शर्टात घरी आला. आता सांगायला काही हरकत नव्हती, म्हणून तो दारातूनच सुरू होणार होता. पण अन्नपूर्णा ओट्यावर बसून एक कागद भरत होती.

"हे काय?"

"सतरा नंबरचा फारम, बाहेरून बसायचा. आठवीत मले गणितात सगळ्यात जास्त होते, तुमाले सांगतलं नाही कधी. तवाच बापानं शाळेतून काढलं. येत्या मार्चमध्ये मी दहावीले बसतो."

केवळराम खाटेवर टेकला. छाती फुगली, तोंड आपोआप उघडलं. "कोणाकोणाले सांगतलं?"

"तुमाले. पहिल्यांदाच."

"मंग मी आता—"

"तुमीच शेवटचे," अन्नपूर्णा म्हणाली आणि पेनाचं टोपण काढून सही करायला लागली.