कलम सतराची उंची

"अनुदान मिळवायला ओळख लागत नाही, वशिला लागत नाही. नियम वाचता आले पाहिजेत, बस्स!" असं म्हणून शाळेच्या हेडक्लार्कनी टेबलावर थाप मारली आणि चहाचा कप अर्जावर लवंडला. पण त्यांचा चेहरा जराही हलला नाही. त्यांनी कपाटातून दुसरा कोरा अर्ज काढला. जास्तीची प्रत मागवता येते असं नियमात होतं, म्हणून त्यांनी ती मागवून ठेवली होती!

या गृहस्थांना सगळी शाळा कलमकाका म्हणायची. तोंडावर नव्हे, अर्थात. तोंडावर सगळे 'काका'च म्हणायचे. त्यांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी कुठलं तरी कलम यायचंच. शाळेच्या बागेतलं फूल तोडणाऱ्या पोराला ते आधी कलम ऐकवायचे आणि मग कान धरायचे. त्यामुळे कान धरेपर्यंत पोर पसार झालेलं असायचं.

तर शाळेत बालवर्ग एकच. मुलं वीस, आणि प्रतीक्षा यादीत आणखी बारा. त्या बारांत अकराव्या नंबरावर होती खुद्द काकांची नात, मुंगी. काकांची मुलगी दवाखान्यात परिचारिका. बाळंतपणानंतर तिनं नोकरी थांबवली होती आणि आता दवाखाना तिला परत बोलावत होता. पण जावई फिरतीवर, म्हणून मायलेकी काकांकडेच; घरात पोरीला सांभाळायला दुसरं कुणी नाही. मुंगीला बालवर्ग मिळाला तर नोकरी, नाहीतर ती जागा वर्षअखेर दुसऱ्या कुणाला जाणार, असा सरळ मामला होता.

"बाबा, तिचा नंबर जरा वर सरकवा ना," मुलगी एकदाच म्हणाली होती.

"सरकवीन की. पण मग दहा जणांना खाली ढकलावं लागेल. ती दहा घरं मला काय म्हणतील?"

त्या दिवसापासून मुलगी त्यांच्याशी मोजकं बोलायची. 'जेवायला वाढलंय.' 'दार लावून घ्या.' संपलं! काकांना ते फार लागलं होतं. पण बोलून दाखवायची सवय नव्हती.

अशात जिल्हा शिक्षण कार्यालयाचं पत्रक आलं. शाळांना नवा बालवर्ग सुरू करायला सरकारी अनुदान! खोलीची दुरुस्ती, छोटं फर्निचर, शिक्षिकेचा पगार, सगळं त्यात. काकांनी पत्रक तीनदा वाचलं आणि चष्मा पुसला. कुणाला न ढकलता मुंगीला जागा मिळणार होती. कधी न भेटलेल्या कुणीतरी आपल्या घराचा विचार करून हे लिहिलंय, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं.

अर्जात बेचाळीस कलमं होती. खोली आधी तयार करून दाखवायची, पैसे मंजुरीनंतर, हे त्यातलंच एक. कलम सतरा म्हणत होतं, 'वर्गातील सर्व सोयी बालकांच्या उंचीस अनुसरून असाव्यात.' काकांनी 'सर्व' या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि सुताराला बोलावलं.

"सर्व म्हणजे खुर्च्या-टेबलं ना?" सुतारानं विचारलं.

"सर्व म्हणजे सर्व! 'बहुतेक' असं कुठं लिहिलंय?"

"मग फळा?"

"खाली!"

"खिडक्या?"

"खाली! गवंड्याला सांग."

"घड्याळ?"

"घड्याळ ही सोय आहे की नाही? मग खाली!"

"आणि दाराची कडी?"

काकांनी एक क्षण विचार केला. तेवढाच क्षण आणखी केला असता तर ही गोष्ट झालीच नसती. "खाली!" ते म्हणाले.

आता उंची कुठली धरायची? काकांनी घरी जाऊन मुंगीला भिंतीशी उभं केलं आणि पट्टी लावली. मुंगी यादीतल्या बाराही पोरांत सगळ्यात बुटकी होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. खोली तयार झाली तेव्हा मोठ्या माणसाला तिथं हात धुवायचे तर जवळजवळ लोटांगण घालावं लागत होतं! दिव्याची बटणं तेवढी वर राहिली, कारण विजेची बटणं मुलांच्या हाती लागू नयेत म्हणणारं कलम तेवीस आडवं आलं.

मुख्याध्यापिका खोली बघायला आल्या आणि कमरेत वाकून घड्याळ बघताना तशाच राहिल्या. "काका," त्या वाकलेल्या अवस्थेतच म्हणाल्या, "जरा जास्त झालं का हो?"

"कलम सतरा, बाई," काका म्हणाले आणि त्यांना हाताला धरून सरळ केलं.

अर्जाला वर्गाचा दिनक्रम जोडायचा होता. तो काकांनी स्वतः लिहिला. वर्ग भरला की दार बंद, घड्याळात अकरा वाजून घंटा झाली की दार उघडायचं आणि खाऊ खायचा. तपासणीला यादीतली मुलं हजर हवीत असं कलम असल्यामुळे त्यांनी बारा पोरांकडून चार दिवस या दिनक्रमाची तालीमही करून घेतली. दार लावायचं काम मुंगीकडे दिलं, कारण कडी तिच्याच मापानं बसवली होती.

तपासणीचा दिवस उजाडला. जिल्ह्याच्या अधिकारी बाई आल्या. त्या कधी हसत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. मुलं वर्गात बसली होती, पालक व्हरांड्यात. काकांची मुलगीही एका खांबाला टेकून उभी होती.

दाराशी सगळे थबकले.

"या ना, आधी तुम्ही," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"नाही नाही, तुम्ही," अधिकारी बाई म्हणाल्या.

"छे, पाहुण्यांनी आधी!" काका म्हणाले.

शेवटी अधिकारी बाईंनी एकट्यांनी आत पाऊल टाकलं. आणि मागून मुंगीनं दार लावलं. खट्!

वर्ग भरला होता ना! दिनक्रमच तसा होता!

"मुंगे, दार उघड," काका हलक्या आवाजात म्हणाले.

"अकरा वाजले नाहीत, आजोबा," आतून उत्तर आलं.

"अगं, आम्ही बाहेर राहिलो!"

"मग उशिरा का आलात?"

व्हरांड्यात कुणीतरी फिसकन हसलं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. जिल्ह्याच्या अधिकारी चाळीस मिनिटं कोंडल्या गेल्या तर अनुदानाचं काय होणार, हे सांगायला कलम लागत नव्हतं. ते धावत शिपायाकडे गेले. "घंटा वाजव!"

"वेळ झाली नाही," शिपाई शांतपणे म्हणाला.

"मी सांगतोय ना!"

"तुम्हीच लिहून दिलंय, काका. वेळेआधी घंटा वाजवली तर मेमो. बघा, डकवलंय इथं. खाली सही तुमची."

काकांनी स्वतःच्या सहीकडे पाहिलं. किती ठसठशीत सही! पस्तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांना ती आवडली नाही. त्यांनी खिशातला कागद काढला आणि लिहून दिलं, 'विशेष बाब म्हणून घंटा वाजवावी.' शिपायानं कागद नीट वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि घंटा वाजवली.

दार ढिम्म!

"आजोबा, घंटा चुकली!" आतून मुंगी ओरडली. "घड्याळात अकरा नाहीत!"

आता आत बघायचं तर खिडकी गुडघ्याएवढ्या उंचीवर. मुख्याध्यापिका, सुतार आणि काका, तिघंही अंगणात गुडघ्यांवर बसले आणि काचेला नाक लावलं. काकांची मुलगी मागे येऊन उभी राहिली. "वा, बाबा!" एवढंच ती म्हणाली. काकांनी नाक काचेला आणखी दाबलं.

आत अधिकारी बाई बुटक्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचे गुडघे हनुवटीला लागले होते. समोर बारा पोरं मांडी ठोकून बसली होती आणि बाई हातवारे करून कसली तरी गोष्ट सांगत होत्या. गोष्टीत हत्ती असावा, कारण बाईंनी स्वतःच्या हाताची सोंड केली होती! एक पोरगं उठून नळाशी गेलं, हात धुऊन आलं आणि परत बसलं. त्याला कुणी उचलावं लागलं नाही. हळूहळू काटा अकराकडे आला. पोरं चुळबुळायला लागली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि मग बसल्या जागेवरून हात लांब करून काटा हळूच वीस मिनिटं मागे सरकवला.

"अहो, त्या मागे नेताहेत!" सुतार कुजबुजला.

घड्याळाशी छेडछाड करायला कुठल्याही कलमाची परवानगी नव्हती, आणि तरी काकांना त्या बाईंचे पाय धरावेसे वाटत होते.

गोष्ट संपली, घड्याळात अकरा वाजले आणि मुंगीनं कडी काढली. बाई बाहेर आल्या तेव्हा चेहरा पुन्हा कडक होता. "बाहेरच्या बाजूनं उघडणारी कडी बसवा. आणि मोजमाप एका मुलाचं घेऊ नका, सगळ्यांचं घ्या," त्या म्हणाल्या, आणि गाडीत बसून निघून गेल्या. त्या रात्री काका जेवले नाहीत.

आठव्या दिवशी मंजुरी आली! सगळीच्या सगळी! शेऱ्यात लिहिलं होतं, 'मुले कोणाच्याही मदतीविना वर्ग वापरतात.' काकांनी ते पत्र मुख्याध्यापिकांना वाचून दाखवायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीवर त्यांना चष्मा पुसावा लागला. बाराच्या बारा पोरांना प्रवेश मिळाला. एकही नंबर खालीवर झाला नाही. पंधरवड्यात काकांची मुलगी कामावर रुजू झाली.

त्या दिवशी काका अधिकारी बाईंना आभाराचं पत्र लिहायला बसले. 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिलं, खोडलं. 'सविनय सादर' लिहिलं, खोडलं. शेवटी नव्या कागदावर तीन ओळी उतरल्या: 'माझी मुलगी आज कामावर गेली. तिचं दुःख मला दिसत होतं, पण मला काही करता येत नव्हतं. तुम्ही केलंत, तुमचे फार उपकार आहेत.' खाली सही केली, घरचा पत्ता घातला आणि पाकीट टपालात टाकून आले.

चार दिवसांनी ते पत्र घरी परत आलं! अधिकारी बाईंच्या कार्यालयाचा शिक्का आणि वर तांबड्या शाईत शेरा: 'विषय व संदर्भ नमूद नाही. पूर्ततेसाठी परत.'

पाकीट मुलीच्या हाती लागलं. तिनं ते उभ्याउभ्याच वाचलं. मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं. काका दारात चपला हातात घेऊन तसेच उभे राहिले. कितीतरी महिन्यांनी मुलीनं त्यांच्याकडे नीट वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"बाबा," ती नाक पुसत म्हणाली, "तारीखही टाकायची राहिलीय."