गौतमीच्या नावावरून तह मोडला त्याची हकिकत

श्री. प्रथम नमन विघ्नहर्त्यास, दुसरे कुलस्वामिनीस, आणि तिसरे घरातील वडील स्त्रियांस, कां की त्या रुष्ट जाहल्या असता पहिल्या दोघांचाही उपाय चालत नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, पाडव्यापासून फाल्गुन अखेरपर्यंत एका राज्यात जे चढउतार जाहले ते जैसे घडले तैसे लिहितो. राज्याचे नाव सांगावयाची आज्ञा नाही. इतुकेच जाणावे की राज्य दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस शेजाऱ्यांचा भुंकणारा कुत्रा, आणि धनी श्रीमंत मोरेश्वरपंत, सरकारी चाकरी पुरी करून घरी बसलेले. पंत स्वभावे भोळे परंतु मानी. लोक काय म्हणतील, हा त्यांचा एकच शत्रू, आणि त्याच्या धाकात त्यांची हयात गेली. राणीसाहेब उमाबाई कारभार पाहात आणि पंत मान डोलवीत, ऐसा राज्याचा शिरस्ता. उभयतांस एकच कन्या, गौतमी, ती तंत्रनिकेतनात मुलांस यंत्रे शिकवी, आणि तिजसमोर वर्गातील दांडगे दांडगे मुकाट बसत.

त्या वर्षी चैत्रातच नदीपलीकडील एका मातबर घराण्यातून सोयरिकीचा पैगाम आला. मुलगा शार्दूल, संगणकाच्या कंपनीत चाकरीस, दिसावयास देखणा, बोलावयास गोड, आणि आईच्या शब्दाबाहेर पाऊल न टाकणारा. हा शेवटला गुण पंतांनी गुणांत धरिला, ती चूक जाहली. मग मुलामुलीने हॉटेलात बसून दोन वेळा कॉफी प्राशन केली, आणि एकमेकांस बरी वाटली, आणि ज्येष्ठात साखरपुडा जाहला, आणि मार्गशीर्षातील मुहूर्त धरून कार्यालय ठरले. पंतांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी ही वार्ता बागेत फिरावयास येणाऱ्या मंडळींस सांगितली, भाजीवालीस सांगितली, आणि चुकून आलेल्या फोनवरील अनोळखी गृहस्थासही सांगितली. भाद्रपदात, लग्नास हवे म्हणोन तांब्याचे घंगाळ काढावयास पंत जातीने माळ्यावर चढले. उमाबाई म्हणाल्या, "अहो, उतरा, कुणाला तरी बोलवू." पंत म्हणाले, "मी काय म्हातारा झालो?" आणि ते समयी स्टूल सरकले, आणि घंगाळ व पंत एकसमयावच्छेदेकरून जमिनीवर आले. घंगाळास पोचा आला आणि पंतांचा पाय मोडला. मग पायास प्लास्टर चढले आणि स्वारी सोफ्यावर नजरकैदेत पडली.

ऐशा स्थितीत कार्तिक लागता शार्दूल आणि त्याच्या मातोश्री समाचारास आल्या. चिवडा जाहला, लाडू जाहले, आणि मग मातोश्रींनी तोफ डागली. "तांदळात लिहायचं नाव मी ठरवून टाकलंय हो. शर्वरी! शार्दूल आणि शर्वरी, दारावरच्या पाटीवर किती शोभेल!"

गौतमी म्हणाली, "पण मला नाव आहे की."

"अगं, आमच्याकडे सगळ्यांचं बदलतात. माझंही बदललं."

गौतमीने शार्दूलकडे पाहिले. शार्दूल चिवड्यातील शेंगदाणे वेचीत होता. "तुला काय वाटतं?" ती बोलली. तो म्हणाला, "आई म्हणतेय तर करून टाकू ना. नावाला काय एवढं घेऊन बसायचं?"

"बरं. मग तुझंच बदलू या. उद्यापासून तुला गणपत म्हणते." आणि उमाबाईंकडे वळून, "आई, गणपतच्या चहात साखर किती घालू?"

उमाबाईंस हसू आले, ते त्यांनी पदरात दाबले. मातोश्री लाल जाहल्या. "ही काय थट्टा आहे?" गौतमी शांतपणे म्हणाली, "तुमची थट्टा नसेल, तर माझीही नाही." तेव्हा मातोश्री उठल्या, आणि त्यांच्यामागे शार्दूल उठला, आणि पंतांस वाटले की धावून हात जोडावे, परंतु प्लास्टर हालेना. दुसरे दिवशी निरोप आला की नाव बदलणे नसेल तर विषय संपला. गौतमीने उलट निरोप धाडिला, "संपला."

येणेप्रमाणे तह मोडला आणि राज्यात हाहाकार उडाला. आमंत्रणे गावोगाव पोचलेली, आचारी सांगितलेला, मुहूर्त तोंडावर. पंतांनी कन्येशी बोलणे सोडिले. प्लास्टर निघाले तरी ते काठी टेकीत बागेत न जाता गॅलरीत बसत, आणि खालून कोणी वर पाहिले की वर्तमानपत्र तोंडापुढे धरीत. गौतमी एकदा पुढ्यात येऊन उभी राहिली. "बाबा, हे नाव तुम्हीच ठेवलंत ना? आवडलं होतं म्हणूनच ना?" पंतांच्या काळजास चिमटा बसला आणि त्यांनी वर्तमानपत्र उलटे धरिले. रात्री त्यांस जेवण गेले नाही. मनी विचार केला की आता एकच शस्त्र राहिले, ते काढावे. ते शस्त्र म्हणजे पंतांची थोरली बहीण द्वारकाअक्का, जिच्या धाकाने नातलगांतील मोठमोठे भांडखोर एका पाटावर जेवले होते. पंतांनी फोन केला, "अक्का, तू ये आणि पोरीला चार शब्द सुनाव." तेव्हा अक्कासाहेब आपले यजमान तात्यासाहेब यांस घेऊन पहिल्या एस.टी.ने दाखल जाहल्या. तात्यासाहेब वयोवृद्ध, कानांनी मंद, म्हणोन बहुधा हसतमुख.

अक्कासाहेबांनी पाय धुतले, पाणी प्राशन केले, आणि सारी हकिकत गौतमीच्या मुखे ऐकिली. मग पंतांकडे वळून म्हणाल्या, "मोरू, माझं नाव काय?"

"द्वारका."

"ते सासरचं. माहेरचं काय?"

अक्कांचे लग्न जाहले ते समयी पंत नुकतेच चालावयास शिकले होते, आणि पुढे घरात सारे बहिणीस अक्काच म्हणत. त्यांस खरेच ठाऊक नव्हते.

"वेणू," अक्का म्हणाल्या. "आईबाबा गेले, मैत्रिणी गेल्या. आता त्या नावाने हाक मारायला कुणी उरलं नाही. तांदळात बोट फिरवलं आणि वेणू गेली. मी कुणाला काही बोलले नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही. ह्या पोरीला विचारलं, तिने उत्तर दिलं. तिला काय सुनावू?" ऐसे म्हणताना त्यांचा आवाज हलला. तो आवाज हललेला पंतांनी जन्मात ऐकिला नव्हता. पंतांची मान खाली गेली.

मग मसलत बसली. उमाबाई म्हणाल्या, "पण वन्सं, कार्यालय आहे, आचारी आहे, माणसं येणार आहेत. करायचं काय?" गौतमी उसळून म्हणाली, "आत्याचं बारसं करू!" पंत ओरडले, "लोक हसतील!" त्यावर उमाबाईंनी फर्माविले, "हसू देत. लग्नाला तरी रडायला कुठे बोलावलं होतं?" आणि निर्णय जाहला.

मार्गशीर्षातील त्या मुहूर्तावर कार्यालयाच्या दारी पाटी लागली, 'चि. वेणू हिचे नामकरण'. ज्यांस फेरफाराचा निरोप पोचला ते कौतुकाने आले, आणि ज्यांस नीट उमगला नाही ते झबली घेऊन आले. एका मामींनी वाळे आणिले आणि पुसले, "बाळ निजलंय का?" तेव्हा पंतांनी काठीने व्यासपीठाकडे दाखविले. तेथे फुलांनी सजविलेल्या झोपाळ्यावर अक्कासाहेब नऊवारी नेसून ताठ बसल्या होत्या, आणि चेहरा ऐसा की हसण्याची कोणाची प्राज्ञा नाही. आता पेच पडला की कानात नाव सांगावयाचे ते आत्याने, आणि इथे सर्वांची आत्या तीच. तो तात्यासाहेब उठले. आजवर कोणी त्यांस काही पुसले नव्हते. हळूहळू चालत झोपाळ्यापाशी गेले, आणि म्हणाले, "मला वेणूच आवडलं होतं. आई म्हणाली द्वारका ठेव, मी ठेवलं." मग अक्कांच्या कानाशी ओणवले, आणि आपणांस ऐकू येत नाही म्हणोन इतरांसही येत नसावे ऐशा समजुतीने गरजले, "वेणू!" ती गर्जना भटारखान्यापर्यंत गेली आणि आचाऱ्याच्या हातची जिलबी वाकडी पडली. सभा हसता हसता लोळली, आणि अक्कासाहेबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

मग पंगत बसली आणि पंत काठी टेकीत आग्रह करावयास निघाले. बागेतील एका गृहस्थाने खोचून पुसले, "पंत, मुलीचं लग्न होतं ना? नावावरून मोडलं म्हणे?" जुना शत्रू पंतांच्या छातीवर येऊन बसला. परंतु ते इतक्या मोठ्याने बोलले की चार पंगतींनी घास थांबविले. "हो, मोडलं. तिचं नाव गौतमी आहे. मी ठेवलंय. ज्याला ते चालेल त्यानेच माझ्या दारात यावं. तुम्ही जिलबी घ्या." पलीकडे गौतमी मठ्ठा वाढीत होती. तिच्या हातचे भांडे तसेच राहिले आणि मठ्ठा एका काकांच्या ताटातून वाहून धोतरावर गेला, परंतु काकांनी ब्र काढिला नाही.

सारांश, त्या साली राज्यास एक पाय मोडला, एक सोयरीक मोडली, आणि दोन्ही दुखणी न चिघळता बरी जाहली. नदीपलीकडील घराण्यास माघात मूळचीच शर्वरी नावाची सून मिळाली, त्यांचे तांदूळ वाचले. गौतमीचे लग्न अद्याप ठरले नाही, त्याची घाई तिला नाही आणि आता पंतांसही नाही. तात्यासाहेब रोज सकाळी चहास 'वेणू' म्हणोन हाक मारितात. अक्कासाहेबांस सवय नाही, म्हणोन पहिल्या हाकेस ओ मिळत नाही. दुसऱ्या हाकेस मिळते. जैसे घडले तैसे लिहिले, वाचणाराने मानून घ्यावे.